नायजेरियातल्या बँक खात्यात परदेशातून पैसे पाठवायचे आहेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लागोसमधल्या इलुपेजू भागात एका प्लास्टिकच्या कारखान्यात मी २०१४ ते २०२० अशी सहा वर्षं नोकरी केली. आता पुण्यात असतो. लागोसमध्ये आमच्याकडे जे आचारी होते त्यांच्या मुलीची शाळेची फी मात्र अजून आमच्या घरातून जाते. वर्षाला तीन टर्म, म्हणजे तीनदा पैसे. कधी मी पुण्याहून पाठवतो, कधी लेक इंग्लंडमधल्या लीड्सहून. एवढ्या भांडवलावर ओळखीपाळखीत मी 'नायजेरियाच्या पैशांचा माणूस' होऊन बसलोय. कुणाला जुन्या ड्रायव्हरच्या ऑपरेशनला मदत करायची असते, कुणाचा भाचा अबुजात नोकरीला असतो, कुणाला तिथल्या व्यापाऱ्याचं देणं फेडायचं असतं. प्रश्न तेच तेच, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. घाईत असाल तर नावाचा आणि 'शून्य फी'चा प्रश्न तेवढा वाचा. बहुतेक घोळ तिथेच होतात.

समोरच्याकडून नेमकी कोणती माहिती मागवायची?

खात्यावर नोंदलेलं पूर्ण नाव, बँकेचं नाव, दहा आकडी खाते क्रमांक आणि चालू फोन नंबर. अ‍ॅपने पाठवायचे तर एवढं पुरतं. आयबॅन, म्हणजे युरोपात वापरतात तो लांबलचक खाते क्रमांक, मागू नका, नायजेरियात तो नाहीच. आपल्या आयएफएससीसारखा शाखेचा कोडही अ‍ॅपला लागत नाही. बँक यादीतून निवडायची असते.

त्या दहा आकडी क्रमांकाला तिथे न्युबान म्हणतात. २०१२ पासून सगळ्या बँकांना तो एकाच साच्याचा झाला, त्याआधी प्रत्येक बँकेची तऱ्हा वेगळी होती. शेवटचा आकडा पडताळणीचा असतो. बँकेचा कोड आणि आधीचे नऊ आकडे यांच्या गणितातून तो निघतो, त्यामुळे एखादा आकडा इकडचा तिकडे झाला तर बहुतेक वेळा अ‍ॅप तिथल्या तिथे अडवतं.

बँकेतून स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून, पाठवणार असाल तर आठ किंवा अकरा अक्षरांचा स्विफ्ट कोड लागेल. त्यातलं पाचवं-सहावं अक्षर एन आणि जी आहे ना, एवढं पाहा. तिथल्या मोठ्या बँकांच्या कोडमध्ये त्यापुढे एल-ए येतं, म्हणजे लागोस. राजधानी अबुजा असली तरी बँकांचा कारभार लागोसहून चालतो, मुंबई-दिल्लीसारखंच.

नावाला एवढं महत्त्व का?

कारण पैसे अडकतात ते आकड्यांपेक्षा नावामुळे.

आमचाच किस्सा. लेकीने पहिल्यांदा लीड्सहून पैसे पाठवले तेव्हा घरात आम्ही ज्या नावाने हाक मारायचो तेच नाव तिने अ‍ॅपमध्ये भरलं. सहा वर्षं त्यांच्या हातचं जेवलो, पण त्यांचं कागदावरचं नाव आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं! योरुबा लोकांत ओलुवासेउनचा सेउन होतो, ओलुवाटोबीचा टोबी. इग्बोंमध्ये चुकवुएमेकाला सगळे एमेका म्हणतात. उत्तरेकडच्या हौसा मंडळींत मुहम्मदची स्पेलिंगं तीन-चार प्रकारची, आणि बँकेला त्यातलं एकच चालतं. आमचे पैसे पाच दिवस लटकले. टर्म सुरू झालेली, शाळेने मुलीला घरी पाठवलेलं. फोनवर ते काही बोलले नाहीत, पण आम्हालाच ओशाळवाणं झालं.

आणखी एक खुबी अशी की तिथल्या बऱ्याच कागदपत्रांवर आडनाव आधी येतं. आपल्याला हे नवं नाही. दहावीच्या गुणपत्रिकेवर आपलंही आडनाव पहिलंच असतं. पण अ‍ॅपमध्ये 'फर्स्ट नेम' अशी चौकट दिसली की माणूस डोळे मिटून पहिला शब्द तिथे टाकतो. लग्न झालेल्या बायकांच्या बाबतीत खातं माहेरच्या नावाने आणि ओळखपत्र सासरच्या, असंही दिसतं.

यावर साधा उपाय आहे. समोरच्याला त्याच्या बँकेच्या अ‍ॅपमधल्या खाते-माहितीच्या पानाचा फोटो पाठवायला सांगा. नाव आणि क्रमांक दोन्ही दिसतं, फोनवर स्पेलिंग सांगत बसावं लागत नाही. शिवाय बऱ्याच अ‍ॅपमध्ये क्रमांक भरला की खातेदाराचं नाव आपोआप उमटतं. ते जुळलं तरच पुढे जा.

त्याचं खातं ओपे किंवा पामपेवर आहे. तिथे पैसे जातात का?

जातात, जर तुमच्या अ‍ॅपच्या यादीत ते नाव असेल तर. ओपे, पामपे, मनीपॉइंट, कुडा या फोनवरून चालणाऱ्या खात्यांच्या अ‍ॅपवर आज तिथले कितीतरी लोक विसंबून आहेत. २०२३ च्या सुरुवातीला जुन्या नोटा बदलण्याचा जो गोंधळ झाला त्यात रोकड मिळेना. आपल्या नोटबंदीची आठवण यावी तसंच होतं सगळं. एटीएमपुढे रांगा आणि हजाराची नोट मिळवायला वर कमिशन. तेव्हापासून या अ‍ॅपवाल्यांचं प्रस्थ आणखी वाढलं.

फक्त एक सांभाळा. ओपे आणि पामपेचा खाते क्रमांक म्हणजे त्या माणसाचा फोन नंबर, पुढचं शून्य काढून. एकाच नंबरावर दोन्हीकडे खाती असू शकतात, त्यामुळे यादीतून चुकीचं नाव निवडलंत तरी क्रमांक 'बरोबर'च निघतो. तो नंबर पूर्वी दुसऱ्या कुणाचा असेल तर पैसे त्या दुसऱ्याच्या खात्यात. मी अशा खात्यात पैसे पाठवायचे असले की आधी अगदी थोडे पाठवून बघतो.

समोरचा म्हणतो, 'बीव्हीएन जोडलेला नाही म्हणून खातं बंद आहे.' खरं असेल?

असू शकतं. बीव्हीएन हा अकरा आकडी क्रमांक. २०१४ मध्ये नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेने तो आणला. बोटांचे ठसे, फोटो, आणि माणसाची सगळ्या बँकांतली खाती त्या एकाच क्रमांकाला बांधलेली. परदेशी लोकांनाही चुकला नाही. मी स्वतः बँकेबाहेर सकाळी साडेसातला रांगेत उभा राहिलो होतो, आणि ठसे घ्यायची वेळ आली नेमकी तेव्हा वीज गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत सगळे हात पुढे करून बसलेले.

याशिवाय एनआयएन हा राष्ट्रीय ओळख क्रमांक आहे, तोही अकरा आकडी. बीव्हीएन किंवा एनआयएन न जोडलेल्या खात्यांचे व्यवहार थांबवण्याचा आदेश मध्यवर्ती बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये काढला. तेव्हा समोरचा थापा मारतोय असं लगेच धरून चालू नका. तो शाखेत जाऊन क्रमांक जोडून घेईल, मग पाठवा.

मात्र पाठवणाऱ्याला समोरच्याचा बीव्हीएन लागत नाही. कुणी तुमच्यामार्फत तो मागत असेल तर देऊ नका आणि तुम्हीही मागू नका.

खात्यावर मर्यादा असते म्हणतात, ती काय?

तिथे खात्यांचे तीन वर्ग आहेत. पहिल्या वर्गाचं खातं कमी कागदपत्रांवर उघडतं, पण त्यात एकूण शिल्लक ३,००,००० नायराच्या (नायरा हे तिथलं चलन) वर जाऊ देत नाहीत. ऐकायला मोठा आकडा वाटतो. डॉलरला दीड हजार नायरा धरले तर ते होतात २०० डॉलर. म्हणजे चांगल्या मनाने ५०० डॉलर पाठवलेत आणि खातं पहिल्या वर्गाचं असेल, तर पैसे परत फिरायची शक्यताच जास्त. मोठी रक्कम असेल तर 'तुझं खातं टिअर थ्री, म्हणजे तिसऱ्या वर्गाचं, आहे का?' एवढं विचारा. हा शब्द तिथे सगळ्यांना कळतो.

कोणती कंपनी 'शून्य फी' म्हणते तिच्याकडूनच पाठवू का?

फी बघू नका, त्या खात्यात शेवटी किती नायरा पडणार ते बघा. मला या सगळ्यातलं एकच वाक्य सांगायची मुभा असती तर हेच सांगितलं असतं.

पैसे बदलून देणाऱ्याची कमाई दोन ठिकाणी असते. एक फी, ती दिसते. दुसरी वटणावळ, म्हणजे भावातला फरक, ती दिसत नाही. समजा लीड्सहून २०० पौंड पाठवायचेत. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. पहिली कंपनी फी घेत नाही आणि पौंडाला १९५० नायरा देते, म्हणजे हातात ३,९०,००० नायरा. दुसरी ३ पौंड फी कापते पण भाव १९९० देते. १९७ गुणिले १९९० म्हणजे ३,९२,०३०. फी घेणारीच स्वस्त पडली! आणि रक्कम वाढेल तसा हा फरक वाढत जातो.

पहिल्या व्यवहाराला कंपन्या खास भाव देतात. भाजीवाला नव्या गिऱ्हाईकाला कोथिंबीर फुकट देतो, तसं. दुसऱ्या वेळी तोच भाव मिळेल असं समजू नका. माझी लेक दर टर्मला दोन-तीन अ‍ॅप उघडते, पाठवायची रक्कम टाकते आणि शेवटच्या पानावरचा नायराचा आकडा तेवढा वाचते. पाच मिनिटांचं काम.

रेमिटली, वर्ल्डरेमिट, लेमफाय, सेंडवेव्ह, वेस्टर्न युनियन, मनीग्राम अशी बरीच नावं आहेत. मी कुणाचीच शिफारस करत नाही, कारण भाव रोज हलतो आणि आजची स्वस्त कंपनी पुढच्या महिन्यात महाग होते. परवानाधारक कंपन्यांची यादी नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेच्या संकेतस्थळावर असते. एखादं नवंच नाव कानावर आलं तर तिथे पाहून घ्या.

नायराचा भाव एवढा घसरला तरी कशाने?

मी २०१४ ला गेलो तेव्हा डॉलर १६० नायराच्या घरात होता आणि आपल्या एका रुपयाला अडीच-पावणेतीन नायरा पडत. मग तेलाचे भाव कोसळले. देशाची परकीय कमाई जवळजवळ सगळी तेलाची, तेव्हा डॉलरची चणचण सुरू झाली. सरकारने भाव ठरवून धरला, बाजाराने तो मानला नाही. वर्षानुवर्षं दोन भाव चालले. एक बँकेतला आणि एक रस्त्यावरचा, 'अबोकी'कडचा. अबोकी म्हणजे हौसा भाषेत मित्र. लागोसमध्ये नोटा बदलून देणाऱ्याला सगळे याच नावाने हाक मारतात. बँकेतल्या आणि अबोकीच्या भावात शेकड्याने फरक असायचा. अशा वेळी बँकेमार्फत पाठवणं म्हणजे आपल्याच हाताने पाठवलेल्याचा एक लचका तोडणं होतं, आणि म्हणूनच लोक आडवाटेने जात.

१४ जून २०२३ ला मध्यवर्ती बँकेने वेगवेगळ्या खिडक्या एकत्र केल्या आणि भाव बाजारावर सोडला. तोवर ४७० च्या आसपास असलेला अधिकृत डॉलर फेब्रुवारी २०२४ मध्ये १५०० च्या पार गेला. तिथल्या माणसाचं कंबरडं मोडलं यात शंका नाही. पैसे पाठवणाऱ्यासाठी मात्र एक गोष्ट सोपी झाली. अधिकृत आणि रस्त्यावरचा भाव जवळ आले, त्यामुळे आता सरळ वाटेने पाठवण्यात पूर्वीसारखं नुकसान नाही. ज्यांच्या डोक्यात अजून २०२२ चा हिशेब आहे त्यांनी तो बदलावा.

मी डॉलर पाठवले तर त्याला डॉलरच मिळतील का?

अ‍ॅपने किंवा मनी ट्रान्सफर कंपनीने पाठवलेत तर नाही, नायराच मिळतील. या नियमाने मधल्या काळात चांगल्याच कोलांट्या खाल्ल्या आहेत. नोव्हेंबर २०२० च्या अखेरीस हुकूम निघाला की असे पैसे घेणाऱ्याला परकीय चलनातच द्यायचे. मार्च २०२१ पासून प्रत्येक डॉलरमागे ५ नायरा वर बक्षीस सुरू झालं. जुलै २०२३ मध्ये नायरात द्यायलाही परवानगी मिळाली, आणि जानेवारी २०२४ च्या नियमावलीने ठरवलं की आता फक्त नायरातच. त्यामुळे कुणी जुन्या अनुभवावरून 'डॉलर मिळतात की' म्हणालं तर तेही खोटं बोलत नाहीत, फक्त त्यांचं साल वेगळं आहे.

डॉलरच पोचवायचे असतील तर समोरच्याकडे डॉमिसिलिअरी खातं हवं. तिथे त्याला नुसतं 'डॉम अकाउंट' म्हणतात. डॉलर, पौंड, युरो यांची वेगवेगळी डॉम खाती असतात आणि त्यांत पैसे बँकेतून स्विफ्टने जातात. डॉलरच्या खात्यात पौंड पाठवू नका, उगाच दोनदा वटणावळ द्याल. नायराचा खाते क्रमांक देऊन डॉलर पाठवलेत तर रक्कम एकतर परत येते किंवा बँक मन मानेल तेव्हा बदलून देते. डॉम खात्याचा क्रमांकही दहाच आकडी असतो. त्यामुळे क्रमांक पाहून कळत नाही, विचारावंच लागतं.

खातं नसेल तर रोख मिळते का?

मिळते, पण २०२४ च्या नियमांप्रमाणे २०० डॉलरच्या मोलापर्यंतच आणि ओळखपत्र दाखवून. त्यावरची रक्कम खात्यातच. खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसाला पाठवायचं असेल तर नातवाच्या खात्यात टाकून छत्रीखाली बसलेल्या पीओएसवाल्या बाईकडून पैसे काढून घेणं सगळ्यांत सोयीचं. रंगीत छत्री, प्लास्टिकची खुर्ची, हातात कार्डाचं यंत्र, अशा बायका तिथे कोपऱ्याकोपऱ्यावर असतात. त्या थोडं कमिशन घेतात.

भारतातून पाठवायचे तर?

इथे मात्र थोडं सबुरीने घ्या. इंग्लंडहून लेक दोन मिनिटांत पाठवते, पुण्याहून मला अर्धा दिवस लागतो.

यूपीआयने नायजेरियातल्या खात्यात पैसे जात नाहीत. वेस्टर्न युनियनसारख्या कंपन्या आपल्याकडे ज्या एमटीएसएस योजनेखाली चालतात ती फक्त पैसे भारतात येण्यासाठी आहे. म्हणजे गल्लीतल्या दुकानावर पिवळी-काळी पाटी दिसली तरी तिथून लागोसला पैसे जाणार नाहीत. उरते बँक, रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली. निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, तेव्हा मर्यादेची चिंता आपल्यासारख्यांना नाही. पॅन आणि ए-२ नावाचा फॉर्म लागतो, आणि त्यात पैसे कशासाठी ते सांगणारा कोड भरायचा असतो. नात्यातल्या माणसाच्या घरखर्चासाठी एस १३०१, भेट म्हणून एस १३०२. आमचे आचारी नात्यातले नाहीत, म्हणून मी कायम भेटीचाच कोड टाकतो. शाळेची फी आहे म्हणून शिक्षणाचा कोड टाकायचा मोह होतो, पण तो आपण किंवा आपली मुलं शिकायला जातात त्यासाठीचा.

नेट बँकिंगच्या देशांच्या यादीत नायजेरिया नसतो असंही होतं. माझ्या बँकेत नव्हता. शाखेत गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी देशाचं नाव वाचलं, चष्मा वर केला आणि विचारलं, 'काका, तुम्हाला लॉटरी वगैरे लागल्याचा मेल आलाय का?' हसू आलं, पण त्यांचं काही चुकलं नाही. मी आचाऱ्यांचा आणि त्यांच्या मुलीचा फोटो, शाळेचं बिल, माझ्या जुन्या निवासी परवान्याची प्रत असं सगळं पुढे ठेवलं. तुम्हीही नात्याचा किंवा ओळखीचा काही पुरावा जवळ ठेवा.

रुपयाचा नायरा थेट होत नाही. रुपयाचे डॉलर इथे होतात आणि डॉलरचे नायरा तिथे. मधल्या बँकेची कापणी वेगळी. मी एकदा ३०० डॉलर पाठवले तर तिथे पोचले २७५. फॉर्मवर खर्च कुणाकडे हे विचारणारी जागा असते. 'अवर' म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, 'शा' म्हणजे वाटून, 'बेन' म्हणजे घेणाऱ्याचा. फीसारखी ठरीव रक्कम पोचवायची असेल तर 'अवर'वर खूण करा. चलन बदलण्यावर जीएसटीही लागतो, किमान ४५ रुपये. एवढा सगळा खर्च धरला तर भारतातून थोडे-थोडे पाठवणं परवडत नाही. आम्ही आता पुण्याहून पाठवायचं झालं तर वर्षाचे एकदम पाठवतो आणि टर्मचे लीड्सकडे सोपवतो.

टीसीएस, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना बँक आधीच घेते तो कर, कापला जाईल का?

१ एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपर्यंत नाही. त्यावरच्या रकमेवर भेट किंवा घरखर्चासाठी २० टक्के. तो खर्च नव्हे, विवरणपत्र भरताना वळता होतो. पण तोवर पैसे अडकतात.

अमेरिका किंवा दुबईहून काही वेगळं?

अमेरिकेतून १ जानेवारी २०२६ पासून रोख, मनी ऑर्डर किंवा कॅशिअर्स चेक देऊन पाठवलेल्या पैशांवर १ टक्का कर आहे. स्वतःच्या बँक खात्यातून किंवा कार्डाने दिलेत तर नाही. दुबईत बहुतेक लोक एक्स्चेंज हाउसमध्ये जातात. दिरहम डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला असल्याने हिशेब सोपा असतो. डॉलर-नायराचा भाव घ्या, ३.६७ ने भागा आणि काउंटरवरचा भाव त्याच्या किती खाली आहे ते पाहा.

एकजण म्हणतो, 'पुण्यात रुपये द्या, लागोसला तासाभरात नायरा देतो.' घेऊ का?

नको. लागोसच्या भारतीय वसाहतीत असा माणूस सगळ्यांना ठाऊक असतो. पगाराचे नायरा घरी रुपयात पोचवायला त्याचा उपयोग होतो, आणि उलट दिशेनेही. दोन भावांच्या काळात त्याच्याकडे गर्दी असायची, हे मी पाहिलंय. पण हा हवाला आहे आणि परकीय चलनाच्या फेमा कायद्याखाली गुंतलेल्या रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. शिवाय पावती नाही. आमच्या कारखान्यातल्या एका सहकाऱ्याचे बहिणीच्या लग्नाचे पैसे असेच बुडाले. तक्रार कुठे करणार? भाव एक झाल्यावर आता त्यात फायदाही फारसा उरलेला नाही.

क्रिप्टोने पाठवले तर?

तिथे पोरं सर्रास वापरतात. नायजेरियाच्या मध्यवर्ती बँकेने फेब्रुवारी २०२१ मध्ये बँकांना क्रिप्टोपासून दूर राहायला सांगितलं होतं, डिसेंबर २०२३ मध्ये ते सैल केलं. पण आपल्याकडे नफ्यावर ३० टक्के कर आणि विक्रीवर १ टक्का टीडीएस आहे, आणि अनोळखी माणसाला विकताना कुणाचे पैसे आपल्या खात्यात येतात ते कळत नाही. शाळेच्या फीसाठी एवढी उठाठेव कशाला?

आम्ही कोकणात काजूचा कारखाना चालवतो. नायजेरियाहून कच्चा काजू मागवला तर पैसे असेच पाठवायचे का?

अजिबात नाही. वर लिहिलेलं सगळं घरगुती पैशांचं आहे. मालाचे पैसे कंपनीच्या चालू खात्यातून, बीजक आणि बिल ऑफ एंट्री दाखवून बँकेमार्फतच जातात. तिथल्या निर्यातदारालाही एनएक्सपी नावाचा फॉर्म भरून पैसे बँकेत आल्याचं दाखवावं लागतं. 'माझ्या भावाच्या खात्यात टाका, लवकर मिळतील' असं कुणी म्हणालं तर तिथेच थांबा. माल बघायला स्वतःचा माणूस पाठवल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नका, हा माझा सल्ला फुकटचा आहे पण अनुभवाचा आहे.

पैसे किती वेळात पोचतात? अडकले तर?

अ‍ॅपने बहुधा काही मिनिटांत. तिथे २०११ पासून एनआयपी नावाची तत्काळ व्यवस्था आहे, आपल्या आयएमपीएसची जवळजवळ जुळी बहीण. रविवारी, रात्री, केव्हाही चालते. स्विफ्टला दोन ते पाच कामाचे दिवस धरा, आणि १ ऑक्टोबरसारखी त्यांची सुट्टी मध्ये येते का पाहा.

अडकले तर पाठवणाऱ्या कंपनीकडे व्यवहार क्रमांक घेऊन जा. स्विफ्ट असेल तर बँकेकडून त्या व्यवहाराच्या स्विफ्ट संदेशाची प्रत मागा, पूर्वी त्याला एमटी १०३ म्हणत. पैसे कुठून कुठे गेले, वाटेत कुणी किती कापले, सगळं त्यात असतं. ती प्रत समोरच्याला पाठवा आणि त्याला त्याच्या शाखेत जायला सांगा. 'पाहतो साहेब' यापेक्षा त्या कागदाला तिथे जास्त किंमत आहे.

फेसबुकवर ओळख झालेल्या कुणाला पाठवायचे आहेत.

ज्याला प्रत्यक्ष भेटला नाहीत त्याला पाठवू नका. पुरुष असो, बाई असो, डॉक्टर असो, तेलविहिरीवरचा इंजिनिअर असो. तिथल्या फौजदारी कायद्यातलं फसवणुकीचं कलम ४१९, आणि म्हणून अशा ठकबाजीला नायजेरियातच 'फोर-वन-नाइन' म्हणतात. अशा लोकांना पकडायला २००३ पासून ईएफसीसी नावाची वेगळी यंत्रणा आहे. आपल्याकडच्या 'परदेशातून पार्सल आलंय, कस्टम भरा' या प्रकारात पैसे बरेचदा भारतातल्याच भाड्याच्या खात्यात मागतात, हेही लक्षात ठेवा. फसलाच असाल तर वेळ न घालवता १९३० ला फोन करा.

आणि एक रागाने लिहितो. नायजेरियन म्हटलं की ठक, असं बोलणारे पुण्यात मला रोज भेटतात. सहा वर्षांत माझ्या घरातून एक चमचा गेला नाही.

मी परत आलो, पण माझं तिथलं खातं अजून आहे. त्यात पैसे टाकून तिथून वाटू का?

फार दिवस व्यवहार नसेल तर खातं निद्रिस्त होतं आणि जागं करायला बहुधा स्वतः जावं लागतं. तिथला फोन नंबर बंद झाला असेल तर ओटीपी येणार नाही, हा पहिला अडथळा. दहा वर्षं कुणी हात लावला नाही तर शिल्लक मध्यवर्ती बँकेकडे जाते. मी निघतानाच बंद केलं असतं तर बरं झालं असतं. एकवीस हजार नायरा तसेच पडून आहेत. २०२० ला ते पन्नासेक डॉलर होते, आता पंधराच्या आसपास असतील.

पैसे पोचले हे मला कसं कळणार?

तुमच्या अ‍ॅपमध्ये 'डिलिव्हर्ड' आलं तरी समोरच्याच्या अलर्टची वाट पाहा. खात्यात पैसे पडल्याचा जो मेसेज येतो त्याला तिथे सगळे 'अलर्ट' म्हणतात, आणि तो येईपर्यंत कुणी कुणाचं ऐकत नाही. बाजारात खोटे अलर्ट दाखवून माल उचलणारेही असल्याने दुकानदार मेसेजऐवजी खात्यातली शिल्लक तपासतात. शाळेचा कारकूनही तेच करतो.

मागच्या टर्मला लेकीने पैसे पाठवले आणि मी लगेच फोन लावला. पलीकडून आवाज आला, 'ओगा, आय नेव्हर सी अलर्ट ओ.' म्हणजे साहेब, अलर्ट अजून दिसला नाही. मागे मिक्सर चालू होता, कुणीतरी मिरची वाटत होतं. आम्ही पावसाबद्दल बोललो, मुलीच्या गणिताबद्दल बोललो. मध्येच त्यांचा फोन टुंग वाजला आणि ते वाक्य अर्धं टाकून म्हणाले, 'थांबा, बघतो.'